एकदाच, पूर्ण भार

ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी मोठी वजनकाट्यावर उभी राहिली आणि काट्याने चौसष्ट किलो नऊशे ग्रॅम दाखवले.

ती उतरली. हातांना बंदी होती, म्हणून काटा पायानेच भिंतीपासून जरा पुढे सरकवला. त्याचे चारही पाय फरशीवर नीट टेकलेत ना ते पाहिलं आणि पुन्हा चढली. चौसष्ट नऊशे. तिसऱ्यांदाही तेच. काटा चुकत असेल अशी आशा करण्यात अर्थ नव्हता. तो तिने स्वतः तपासलेला होता. वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची एकोणीस वर्षं गेली होती. दुकानांतले, दवाखान्यांतले, कारखान्यांतले काटे तिच्या सहीशिवाय खरे ठरत नसत.

आकडे तिला तोंडपाठ होते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वजन होतं त्रेसष्ट किलो दोनशे. सर्जनबाईंनी डाव्या दंडाची पाचशे चाळीस ग्रॅम कातडी आणि चरबी काढली होती, उजव्याची सहाशे दहा. भूल पुरती उतरायच्या आधीच तिने हे विचारून घेतलं होतं. म्हणजे काटा आता बासष्ट किलो पन्नास ग्रॅमवर थांबायला हवा होता. तो तिथून जवळजवळ तीन किलो पुढे गेला होता. पाच दिवसांत.

"अहो," तिने न्हाणीघरातून हाक मारली. "मी पुन्हा जाड व्हायला लागले."

नवरा शाम्पूची बाटली घेऊन दारात आला. हात डोक्यापर्यंत न्यायचे नव्हते, म्हणून तिचे केस तो धूत होता. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि लांब केस धुवायची त्याच्यावर ही पहिलीच वेळ.

"सूज असेल," तो म्हणाला. "कागदावर लिहिलंय ना, सूज येते म्हणून."

"सूज हातांना आलीय. हातांचं वजन ते केवढं असतं, माहीत आहे का तुम्हाला?"

"मी भूगोल शिकवतो. खाली बस आणि डोळे मीट, फेस जाईल."

ती बसली आणि मिटल्या डोळ्यांनी तीच वजाबाकी पुन्हा करू लागली.

घरात तिला 'मोठी' म्हणत ते नात्याने. दोघे भाऊ एकाच दुमजली घरात राहत होते. वर मोठी आणि तिचा नवरा, खाली धाकटी आणि तिचा नवरा, आणि खालच्या पुढच्या खोलीत धाकटीचं शिवणकामाचं दुकान. पण एकशे चार किलोंच्या दिवसांत 'मोठी' हा शब्द कानाला वेगळाच लागे. सव्वीस महिन्यांत तिने चाळीस किलो आठशे ग्रॅम घालवले होते. रोज सकाळी सहाला जिम, ताप असो की पाहुणे असोत. वजन गेलं, पण त्याच्याभोवतीची कातडी राहिली. दंडाखाली ती रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची, घड्यांत पुरळ उठायचं, आणि बारीक काट्यावर काम करताना ती टेबलाला घासू नये म्हणून एका हाताने दुसरा दंड वर धरावा लागायचा. उन्हाळ्यातसुद्धा ती पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची. म्हणून हे ऑपरेशन. आता दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला काखेपासून कोपरापर्यंत एकेक लांब टाक्यांची रेघ होती, आणि वर घट्ट दाबणाऱ्या बाह्या, रात्रंदिवस.

तिला टाक्यांची भीती नव्हती. भीती होती थांबण्याची. आठ वर्षांपूर्वी तिने असंच पंधरा किलो वजन घालवलं होतं. मग घोटा मुरगळला, डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली, आणि त्या तीन आठवड्यांतून ती पुन्हा बाहेर आलीच नाही. वर्षभरात पंधराचे एकोणीस होऊन परतले. त्यामुळे सर्जनबाईंनी दिलेला कागद तिने वाचला तो शिक्षेचा हुकूम वाचावा तसा. पहिल्या दिवसापासून चालायचं, पण सावकाश. तिसऱ्या आठवड्यापासून भरभर चालणं आणि जागेवरची सायकल, मात्र दांड्यावर भार न टाकता. कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. हातांचा व्यायाम सहा आठवड्यांनी, तोही जखम पाहून, हलक्या वजनापासून. जड वजन तीन महिन्यांनंतर. आणि तोवर दोन किलोंच्या वर काही उचलायचं नाही.

"दोन किलो म्हणजे नेमकं किती?" तिने घरी सोडतानाच विचारलं होतं. "अधिक-उणे?"

"भरलेली किटली," सर्जनबाई म्हणाल्या.

"आमची किटली पावणेदोन लिटरची आहे. तिचं स्वतःचं वजन धरलं तर—"

"मग अर्धी भरा."

सर्जनबाई कमी बोलत. पण त्यांचं एक वाक्य मोठीच्या मनात घर करून बसलं. दंडाची ताकद जाईल का, असं तिने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "स्नायूला मी हातसुद्धा लावलेला नाही. फक्त वरचं कातडं आणि चरबी." मोठीने मनात लिहून ठेवलं: स्नायू शाबूत.

सहाव्या दिवसापासून धाकटी तिला चालायला नेऊ लागली. जिमलाही ती मोठीबरोबर यायची, पण तिथे तिचा व्यायाम मुख्यतः तोंडाचा असे. गल्लीच्या टोकाला औषधांचं दुकान, तिथून पोस्ट, तिथून बागेचं फाटक, आणि परत.

"जरा भरभर चाल ना," मोठी म्हणायची.

"ताई, तुमचे हात बघा. पंख ओले झालेल्या कोंबडीसारखे धरलेत. लोकांना वाटेल मी तुम्हाला पळवून नेतेय."

"भरभर चालल्याशिवाय नाडी वाढत नाही."

"नाडी वाढवायचीच असेल तर घरी चला. तुमच्या दिरांनी आज गॅस चालू ठेवून दुकानाला कुलूप लावलं, ती गोष्ट सांगते."

बाविसाव्या दिवशी धाकटी वर आली तेव्हा मोठी घट्ट बाही उतरवून हात पुसत होती. धाकटी तिच्याशेजारी बसली आणि चष्मा चढवून टाक्यांची रेघ बघू लागली. गिऱ्हाईकाने दुसऱ्या शिंप्याकडून शिवून आणलेला कोट ती असाच बघायची.

"बाईंचा हात चांगला आहे," ती शेवटी म्हणाली. "ओळ सरळ, ताण सारखा. पण ही घट्ट बाही कोणी शिवली? काखेत आडवी शिवण! टोचत नाही?"

"टोचते."

"मग बोलत का नाही? मी आतून मऊ कापड लावून देते. आणि ताई, इथे जपा हं." तिने स्वतःच्या काखेजवळ बोट ठेवलं. "कुठलीही बाही आधी उसवते ती इथेच. हात हलला की चारी बाजूंची ओढ इथे येते. म्हणून तर आम्ही इथे जास्तीचा तुकडा जोडतो."

"अगं, माझा हात म्हणजे काय कोटाची बाही आहे?"

"कोटाची असती तर बरं झालं असतं. उलटी करून परत शिवली असती."

मोठी हसली आणि ते बोलणं तिने कानामागे टाकलं. मऊ कापड मात्र लावून घेतलं.

वजन उतरू लागलं. वहीत तिने आलेखाचा कागद चिकटवला होता. रोज सकाळी एक ठिपका. चौथ्या आठवड्याच्या शेवटी ठिपका त्रेसष्ट पाचशेवर आला आणि तिथेच रेंगाळला. तिच्या गणितापेक्षा तो अजून जवळजवळ दीड किलो वर होता. त्या दीड किलोने तिचं डोकं खाल्लं. जेवताना ती ताटातलं अर्धं नवऱ्याच्या ताटात सरकवू लागली.

"जखम भरायला खावं लागतं," तो म्हणाला.

"जखम भरेल. मी पण भरेन."

त्याने ते अर्धं परत तिच्या ताटात ठेवलं. बराच वेळ एक उकडलेलं अंडं दोन ताटांमध्ये येरझाऱ्या घालत राहिलं.

पाचव्या आठवड्यात ती कामावर रुजू झाली. प्रयोगशाळेत ओतीव लोखंडाची वीस-वीस किलोंची वजनं होती, आणि ती उचलायचं काम आता तिच्या सहकाऱ्यावर आलं. निवृत्तीला वर्ष राहिलेला, सगळे त्याला काका म्हणत. तो वजनं उचलायचा, ती आकडे लिहायची.

एखादा मोठा काटा तपासायला आला की त्यांच्याकडे एक रीत होती. काटा प्रवासातून आलेला असतो, दिवसेंदिवस रिकामा पडून असतो. त्याला लगेच मोजायला लावलं तर पहिले दोन-चार आकडे भरवशाचे येत नाहीत. म्हणून आधी त्याच्यावर एकदा जवळजवळ पूर्ण क्षमतेचा भार ठेवायचा, उतरवायचा, आणि मग शून्यापासून सुरुवात करायची. एकदाच, पूर्ण भार. याला त्यांच्या प्रयोगशाळेत 'काटा जागा करणं' म्हणत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवत, आणि जो हे विसरायचा त्याचा तक्ता मोठी न बोलता फाडून टाकायची.

छत्तिसाव्या दिवशी सकाळी ती जिमला गेली. सायकलची परवानगी होतीच. सायकलवर अर्धा तास झाला, घाम आला, बरं वाटलं. धाकटी त्या दिवशी आली नव्हती; तिला कुणाचा तरी लग्नाचा कोट संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. शिकवणारा कोच दाराशी फोनवर बोलत होता. घाम पुसून मोठी निघाली, तेव्हा बसून वजन डोक्यावर ढकलायचं मशीन रिकामं दिसलं.

तिच्या मनात जे आलं ते तिला पूर्णपणे शास्त्रशुद्ध वाटलं. बेचाळिसाव्या दिवशी सर्जनबाई तपासणार, आणि मग हातांचा व्यायाम सुरू होणार. हलक्या वजनापासून. पण ते मोजायचं कुठून? पाच आठवडे रिकामे पडून असलेले हात. त्यांना आधी जागं न करता दिलेला कुठलाही आकडा भरवशाचा नाही. पूर्वी ती इथे वीस किलो ढकलत होती. स्नायू शाबूत होते, बाईंनीच सांगितलं होतं. तिने वजनाची खुंटी अठरा किलोवर लावली. दहा वेळा नाही, पाच वेळा नाही. एकदाच.

वजन वर गेलं. अडखळत नाही, थरथरत नाही, थेट वर गेलं. कोपरं सरळ झाली आणि क्षणभर तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. काहीच गेलं नव्हतं. सगळं जिथल्या तिथे होतं.

तिने वजन हळूच खाली आणलं, तेव्हा डाव्या काखेत काहीतरी कोमट सरकल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. ओलं लागलं.

कपडे बदलायच्या खोलीत तिने घट्ट बाही उतरवली. धाकटीने लावलेलं मऊ कापड गुलाबी झालं होतं. काखेच्या अगदी टोकाशी, जिथे रेघ वळत होती, तिथे ती उघडली होती. डोळ्यांच्या अंदाजाने अडीच सेंटीमीटर. ती कशानेही मोजली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिला मोजावंसं वाटलं नाही.

आधी फोन करायला हवा होता सर्जनबाईंना. तिने केला धाकटीला.

"ये ना जरा," ती म्हणाली. "जिममध्ये ये."

धाकटी आली ती गळ्यातली मोजपट्टी तशीच ठेवून, बाहीला टाचण्या टोचलेल्या, केसांत दोऱ्याचा तुकडा. मोठी बाकावर बसली होती. दंडाखाली जिमचा टॉवेल दाबून धरलेला.

धाकटीने टॉवेल उचलून पाहिलं आणि परत ठेवला. मोठी वाट बघत होती की आता ही म्हणेल, सांगितलं होतं ना. ती म्हणाली, "चला. रिक्षा थांबवलीय."

"लग्नाचा कोट?"

"नवरदेवाला म्हटलं, एक बाही लावलीय, दुसरी उद्या. तोवर अर्धा हो म्हण."

मोठीला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू फुटलं. धाकटीने तिला कोपराखालून धरून उठवलं, काखेला धक्का न लावता.

सर्जनबाईंनी जखम धुतली, दाबून पाहिली, आणि टाका घातला नाही. "पुन्हा शिवायची नाही," त्या म्हणाल्या. "आतून वर भरत येऊ द्यायची. रोज ड्रेसिंग. तीन-चार आठवडे लागतील. संसर्ग नाही, नशीब." मग हातमोजे काढत त्यांनी विचारलं, "काय उचललंत?"

मोठीने सगळं सांगितलं. मशीन, खुंटी, अठरा किलो. काटा प्रवासातून येतो तिथपासून पुढे काटा जागा करण्याची रीतही सांगितली. ती सांगताना आपण काय बोलतोय हे तिला ऐकू येत होतं, पण थांबता येईना. धाकटी खुर्चीवर बसून छताकडे बघत होती.

सर्जनबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत.

"तुम्ही स्नायूंबद्दल बरोबर होतात," त्या म्हणाल्या. "तीच तर अडचण. स्नायू पूर्वीइतकाच जोरात आहे आणि त्याच्यावरचं कातडं अजून निम्म्या ताकदीचंही नाही. अशक्त झाला असतात तर वजन वर गेलंच नसतं, आणि जखमही उघडली नसती. तुमच्या काट्याच्या तबकाला टाके घातलेले असतात का?"

"नाही."

"मग त्याची रीत त्याला."

"आता... किती मागे गेले मी?"

"हातांच्या व्यायामाचं म्हणाल तर जखम पूर्ण मिटल्यावर दोन आठवड्यांनी. म्हणजे आजपासून साधारण सहा. तोवर चाला. सायकल पंधरा दिवस नको, काख घामेजते."

सहा आठवडे. मोठीने मनात केलेली बेरीज तिच्या चेहऱ्यावर दिसली असावी, कारण सर्जनबाईंनी जाता जाता तिच्या मनगटाला हात लावला. एवढंच.

त्यानंतरचे चार दिवस मोठी वरच्या मजल्यावरून उतरली नाही. ड्रेसिंगला नर्स घरी यायची. चालायलाही गेली नाही. काय उपयोग, ती म्हणायची, नुसतं चालून. पुन्हा सुट्टी मागायला प्रयोगशाळेत फोन केला तर काकांनी उचलला. कारण ऐकून तो म्हणाला, "बाई, कुणी नुसता आकडा लिहून तक्ता आणला तर तुम्ही सही करत नाही. अधिक-उणे किती ते लिही, म्हणता. आणि स्वतःचं वजन मात्र नुसतं लिहिता. हे काही बरोबर नाही." तिने फोन ठेवला, पण तो दिवसभर कानात वाजत राहिला.

पाचव्या दिवशी धाकटी मोठीचे चालायचे बूट घेऊन वर आली.

"उठा, जाऊबाई. पोस्टापर्यंत."

"नको."

"का?"

"मला माहीत आहे पुढे काय होणार ते. मागच्या वेळी तीन आठवडे होते. आता सहा आहेत." मोठीचा आवाज फाटला. "मी थांबले की परत तशीच होते गं. मला एकदा थांबवलं की मी संपते. तू होतीस की तेव्हा. तू पाहिलंयस."

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. बूट तिच्या मांडीवर होते.

"पाहिलंय," ती म्हणाली. "म्हणूनच सांगते. तुमचा घोटा अठरा दिवसांत बरा झाला होता. मी तुम्हाला खाली यायला सांगायचे आणि तुम्ही म्हणायच्या, आज नको, सोमवारपासून. पूर्वीसारखे दोन तास करणार, मगच येणार. सोमवारी तुम्ही पाऊण तास केलंत आणि दमून बसलात. त्या पाऊण तासाची तुम्हाला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आलाच नाहीत. मी दार वाजवलं तर झोपलेय म्हणून सांगायला लावलंत भावजींना."

हे मोठीच्या आठवणीत नव्हतं. तिच्या आठवणीत घोटा होता.

"तीन आठवड्यांनी काही नाही झालं, ताई. तो पाऊण तास तुम्हाला चालला नाही."

खाली कुणीतरी दुकानाची घंटा वाजवली. धाकटीने लक्ष दिलं नाही.

"गिऱ्हाईक आलंय," मोठी म्हणाली.

"बसेल. पोस्ट तरी करू या? औषधांचं दुकान? जिना?"

"जिना," मोठी म्हणाली.

धाकटीने वाकून तिच्या पायांत बूट घातले आणि नाड्या बांधल्या. दोघी जिना उतरल्या. खाली गिऱ्हाईक होतंच, एक म्हातारे गृहस्थ, पँट लांब झाल्याची तक्रार घेऊन. मोठी त्यांच्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि धाकटी माप घेईपर्यंत बसून राहिली. मग जिना चढून वर गेली. एवढाच व्यायाम. वहीत ठिपका काढायला ती गेली, पेन्सिल उचलली आणि ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी औषधांचं दुकान. चौथ्या दिवशी पोस्ट.

जखम भरायला सव्वीस दिवस लागले. मिटली ती जागा इतर रेघेपेक्षा रुंद आणि चकचकीत राहिली; धाकटीने ती बघून एवढंच म्हटलं की रफू आहे, पण पक्का आहे. पंधरा दिवसांनी सायकल सुरू झाली होती. वजन पासष्ट किलो झालं. ऑपरेशनच्या आधीपेक्षा एक किलो आठशे जास्त, आणि या वेळी ते सुजेचं नव्हतं हे मोठीला कळत होतं. ती त्या आकड्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. भीती गेली नव्हती. पण ती काट्यावरून उतरली आणि जेवायला बसली, आणि अंडं तिच्याच ताटात राहिलं.

ऑपरेशनला अकरा आठवडे होऊन दोन दिवस झाले, तेव्हा सर्जनबाईंनी तिला फिजिओकडे पाठवलं. फिजिओ म्हणजे एक तरतरीत मुलगी, कानात छोटी कुडी, बोलणं भराभर. पहिल्या आठवड्यात तिने हातात काहीच दिलं नाही. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, डाव्या हाताने जिथपर्यंत जाववेल तिथपर्यंत. पहिल्या दिवशी मोठीची बोटं कपाळाच्या उंचीवर थांबली. मुलीने तिथे खडूने खूण केली नाही. मोठीने विचारलं, "लिहून नाही ठेवायचं?" तर म्हणाली, "उद्या वेगळं असेल. कधी कमीसुद्धा असेल. घाबरू नका."

दुसऱ्या आठवड्यात तिने अर्ध्या किलोचं डंबेल दिलं. निळं, रबराचं, एवढंसं. मोठीने ते तळहातावर घेऊन सवयीने अंदाज घेतला. चारशे नव्वद असेल, तिला वाटलं.

"खांद्याच्या उंचीपर्यंत, बाजूने. दहा वेळा," मुलगी म्हणाली.

पहिले तीन सहज झाले. चौथ्याला तिच्या लक्षात आलं की ती श्वास रोखून धरतेय, तिने सोडला. हाताला हे वजन म्हणजे काहीच नव्हतं. स्नायूला तर ते कळतही नव्हतं. सहाव्या वेळी डाव्या काखेत, त्या रुंद चकचकीत जागेखाली, एक बारीक ओढ लागली. दुखणं नव्हे. कुणी कापडाचं टोक चिमटीत धरावं तशी. सातव्या वेळी ओढ थोडी आधी आली.

दहाला तीन बाकी होते. मुलगी आकडे मोजत होती आणि मोठीचा हात पुढच्या वेळेसाठी सवयीने उचलला जाऊ लागला होता. तो हात वर जाईल हे तिला पक्कं माहीत होतं. तीन काय, तीसही झाले असते.

तिने डंबेल खाली ठेवलं.

"तीन राहिले," मुलगी म्हणाली.

"ओढ लागतेय. इथे." तिने दाखवलं.

मुलीने बोटांनी जागा दाबून पाहिली, कातडी वर-खाली सरकवून पाहिली. मग टेबलाशी जाऊन कागदावर लिहिलं. "सात," ती म्हणाली. "बरोबर केलंत. परवा या."

धाकटी बाहेरच्या बाकावर बसून एका शर्टाला हाताने काजं करत होती. मोठीला बघून तिने सुई दातांत धरली.

"इतक्यात? किती केलेत?"

"सात."

"सांगितलेले किती?"

"दहा."

धाकटीने सुई कापडात खोचली, शर्ट गुंडाळला आणि तिच्याकडे बघत राहिली.

"घरी बागेवरून जाऊ या?" मोठीने विचारलं. "पोस्टाचा रस्ता कंटाळवाणा झालाय."

"बागेवरून लांब पडतं."

"माहीत आहे."

त्या बागेवरून गेल्या. अर्ध्या वाटेत धाकटीला धाप लागली आणि तिने मोठीला शिव्या दिल्या.

एक दिवस मध्ये गेला. परवाच्या सकाळी मोठी सहाला उठली, केस स्वतः विंचरायचा प्रयत्न केला, अर्धे जमले. उरलेले नवऱ्याने विंचरून दिले. मग तिने बूट घातले आणि फिजिओकडे गेली.